कोपऱ्यातली तहान

ताम्हिणी, ९ जुलै २०२४

ती. पायलआक्कास सा. न. वि. वि.

फोनला रेंज न्हाई, म्हणून एसटीच्या कंडक्टरकडं चिठ्ठी देतीया. पोट लई खाली आलंय. सासूबाईंनी बाळंतिणीची खोली सारवून ठेवलीया. ह्याच खोलीत थोरल्या जाऊबाई, किमयाताई, बाळंत झाल्या आन् दिवस मावळायच्या आत गेल्या. हडळीनं नेलं म्हणत्यात. पाणी पाणी करत व्हत्या, पण ते हडळच मागतीया म्हणून कुणी दिलं न्हाई.

आक्का, हसू नकोस. भर दुपारी धुकं दाराशी आलं की कोपऱ्यातनं कुणीतरी पाणी मागतं. मी ऐकलंय.

लोभ हायेच, जरा वाढीव असूंदे.
तुझी जुईली

कोळवण, १२ जुलै

चि. सौ. जुईलीस अनेक आशीर्वाद.

वेडाबाई, हडळबिडळ काही नसतं! रक्त फार गेलं की घशाला कोरड पडते. किमयाचं तेच झालं असणार. नजर लागू नये म्हणून तुमच्याकडे भिजलेली कापडं लगेच उचलून परसात पुरतात ना? मग किती गेलं हे कळणार कसं? कापडं समोरच ठेवायला सांग. बाळाला लगेच पाजायला घे, त्यानं पिशवी आवळते. बाळंतपणानंतर पोट मऊ लागलं तर गावच्या आरोग्यसेविका आशाताईंनी ते जोरात चोळायचं, रक्त थांबवायच्या गोळ्या त्यांच्याकडे असतात. त्यापेक्षा आधीच माझ्या दवाखान्यात ये बाई. नर्स असूनही मला तुझ्यासाठी भीती वाटतेय.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी आक्का

ताम्हिणी, ४ ऑगस्ट

ती. आक्कास सा. न. वि. वि.

जिती हाय गं! तुझ्याकडं निघणार तर दरड पडली. घरातच मुलगी झाली. तुझं पत्र वाचून दाखवलं व्हतं, तरी सासूबाई कापडं उचलतच ऱ्हायल्या. आशाताई बाळाकडं बघत व्हत्या, त्यांना अंथरूण कोरडंच दिसायचं. माझी जीभ टाळूला चिकटली, शब्द फुटंना.

तवा कापडं नेऊ नका म्हणून कोपऱ्यातनं आवाज आला. सासूबाईंच्या हातातलं कापड गळालं. आवाज त्यांनी वळखला. आशाताईंनी दाराआडची पाटी बघितली, रक्ताळल्या कापडांनी काठोकाठ भरलेली, आन् किंचाळल्याच. पोट चोळलं, गोळ्या दिल्या. ह्यांनी मला उचलून दरडीपलीकडची जीप गाठली. दवाखान्यात रक्त चढवलं.

आता कोपरा गप हाय. पण काल सासूबाई परसात माती उकरत बसल्या व्हत्या. किमयाची कापडं आपण बघितलीच न्हाईत, तिचंबी एवढंच गेलं असंल का, असं मला विचारत व्हत्या. मी काय सांगू, तूच लिही.

आमच्या तिघींवर, लेकीवर आन् सासूबाईंवरबी, माया असूंदे.
तुझी जुईली