दुसरी थाप

मुठा, ता. मुळशी
मंगळवार, २२ जुलै २०२५

ती. लीलाआक्का यांना रेश्माचा नमस्कार.

पत्र बघून नवल वाटेल. भिंतीला भिंत लावून आपण दोघी जावा इतकी वर्षं राहिलो, कधी चिठ्ठी लिहायची वेळ आली नाही. पण तुमच्या नंबरवर फोन केला की माझी किमयाच उचलते. आणि हे तिच्यादेखत बोलण्यासारखं नाही. भावजी दवाखान्यात डबा आणतात त्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवते आहे. एकट्या असाल तेव्हा वाचा.

आधी घरचं. तुमचं वासरू आता माझ्या हाकेला येतं. परसातली घोसाळी लागली आहेत, रोज दोन-तीन उतरवते. भावजी जेवतात, पण ताटावर बसून राहतात. तुमच्या दिशाला वेगळ्या खोलीत ठेवल्यापासून त्यांचं बोलणंच कमी झालं आहे. ताप उतरला का? तोंडातल्या फोडांमुळे पाणीसुद्धा गिळवत नाही असं ते म्हणाले. डब्यात पेज दिली आहे, मीठ अगदी बेताचं घातलं आहे.

रविवारी तुमच्या वावरात भातलावणीची इर्जिक झाली. नथूवस्तादांनी आदल्या संध्याकाळी देवळाच्या भोंग्यावरून सांगितलं, घरटी एक माणूस, मजुरी नाही, जेवण आहे. घरटी एक म्हटलं तर दोन-दोन आले. तालमीतली सगळी पोरं आली. पलीकडच्या फार्महाऊसचा रखवालदारसुद्धा पँट दुमडून चिखलात उतरला. पोरांनी रोपं उपटून मुठी बांधल्या, बायांनी लावल्या. दुपार कलायच्या आत तुमची सगळी खाचरं हिरवी झाली. तुम्ही बघायला हवं होतं.

इर्जिकीचं जेवण ज्याचं वावर त्याने घालायचं. तुमच्या वतीने मी घातलं. आषाढ सरायच्या आत म्हणून कोंबडीचा रस्सा केला, तांदळाच्या भाकरी केल्या. गंगूबाई दुसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाल्या, "लीलाच्या घरचं जेवान म्हंजी लीलाच्या घरचं!" मसाला माझा होता आक्का. चूल माझी होती. मी वाढत राहिले.

बांधाच्या अलीकडे आमची खाचरं चिखलणी करून तशीच पडली होती. कुणाच्या मनात आलं नाही, की एक रांग इकडेही लावावी. का यावं? ती काल आम्ही दोघांनी लावली, अंधार पडेपर्यंत. मी यांना म्हटलं, लोकांना दिसलं नाही का. तर म्हणाले, "आपली पोरगी धडधाकट हाय गं. आपल्याला कशाला पायजे इर्जिक?"

बरोबरच आहे. बरोबर असलेलंच ऐकवत नाही कधीकधी.

जेवणाच्या वेळी सर आली, म्हणून पोरांनी भगुन्यांवर एक फ्लेक्स ताणला. मी वर पाहिलं तर किमया. जिल्ह्याच्या कुस्तीतल्या सुवर्णपदकाचा तिचा तो अभिनंदनाचा फ्लेक्स, उलटा. तो वेशीवरच्या सांगाड्याला लागायचा होता. त्याच आठवड्यात दिशाचा रिपोर्ट आला, रक्ताचा कॅन्सर म्हणून, आणि त्या सांगाड्यावर दिशाचा फोटो चढला, 'वाघिणी, लवकर बरी हो'. मिरवणूक रद्द झाली. व्हायलाच हवी होती. किमयाचा फ्लेक्स तालमीच्या माळ्यावर गेला आणि रविवारी रश्श्यावर आला. वाढपी शंभू ओरडत होता, "आरं, किमयाच्या तोंडात पानी साचलंय, काठीनं वर ढकला तिला!" सगळे हसले. मीही हसले.

आता लिहायला बसलेच आहे तर लिहिते. पदक घेऊन किमया एस.टी.तून उतरली तेव्हा पारावरच्या माणसांनी तिला पहिलं विचारलं, "दिशा कशी हाय?" दुसरं म्हणाले, "दिशा असती तर ह्या वजनात तिनंच मारलं असतं." पोरगी "व्हय" म्हणाली आणि पदक बॅगेच्या तळाशी घातलं. मला माहीत आहे, दिशा असती तर तिनेच मारलं असतं. लहानपणापासून किमया तिची जोड. दिशा डाव टाकायची, किमया पडायची, म्हणूनच दिशाचा डाव इतका पक्का झाला. पडणाऱ्या पोरीलाही आई असते, आक्का.

माझी पोर तुमच्याकडे आहे. तिथे बाकावर बसते, तुम्हाला पाणी आणून देते, तुमचे पाय चेपते. भावजींनी सांगितलं, मला बरं वाटेल म्हणून सांगितलं. घरी असते तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलत नाही. बोलली तर "मोठी आई अशी म्हनली, मोठी आई तशी म्हनली." तुमच्या ओट्यावर रोज माणसं येतात, प्लेटलेट द्यायला तालमीची पोरं रांग लावतात, बाया नवस बोलतात. मी त्या माणसांना चहा करून देते आणि चहा गाळताना मनात काय येतं ते लिहिलं तर तुम्ही मला उंबऱ्यावर उभं करणार नाही. आजारी लेकराच्या आईचा हेवा करणारी बाई जगात मी एकटीच असेन.

ज्यासाठी पत्र लिहिलं ते अजून लिहिलंच नाही.

येत्या रविवारी राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. किमया जाणार नाही म्हणते. महिनाभर तालमीत गेली नाही. मी समजावलं, ओरडले, एकदा हात उगारला. म्हणाली, "ती जागा दिशाची हाय. आन् माझ्या पाठीवर थाप कोन दील?" तुम्हाला माहीत आहे त्यांचं. वस्तादांनी जोड लावली तेव्हापासून एकीची कुस्ती असली की दुसरीने मॅटच्या कडेला तिच्या पाठीवर दोन थापा मारायच्या, मगच पाय आत. जिल्ह्याला गेली तेव्हा दिशाला नुसता ताप आहे असंच आपण समजत होतो, घरून निघताना तिनेच थापा दिल्या होत्या.

पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसत नाही. ही वेळ गेली की गेली.

तुम्हीच आत जाता, मास्क लावून. दिशाला एकदा विचाराल का? तिने एक शब्द जरी पाठवला, जा म्हणून, तरी किमया जाईल. माझ्या सांगण्याने नाही जाणार. तुमच्या पोरीला गिळवत नाही आणि मी माझ्या पोरीची कुस्ती मागते आहे. लाज वाटते. तरी मागते.

पेज कोमट असतानाच द्या.

तुमची,
रेश्मा


दवाखाना, पुणे
गुरुवार

चि. रेश्माला आशीर्वाद.

माझं अक्षर तुला म्हाईत हाय, हसू नको. तुजं पत्र जिन्यात बसून वाचलं. लई राग आला. फाडाया घेतलं दोनदा. मग परत वाचलं.

दिशाचा ताप उतरलाय. पेज चार चमचे ग्येली, तुजीच. डॉक्टरीणबाई म्हणल्या औषध लागू पडतंय, पर अजून सांगता येत न्हाई. केस ग्येले तवा मी रडले, तर मलाच म्हणली, "आई, आता समोरचीला केस धरून वढता यायचं न्हाई." आसं बोलती ती. माझी हाय का कुणाची, कळत न्हाई.

तू म्हणतीस माणसं माझ्याकडं येत्यात. समदी घिऊन जा. ओटा घिऊन जा, फ्लेक्स घिऊन जा. मला तुजं बिनलावलेलं वावर दे, आन् वावरात उभी ऱ्हाणारी पोर दे.

आता तू जे मागितलंस त्याचं ऐक. ते दिशानं कवाच दिलंय. गेल्या आठवड्यातल्या सोमवारी मला जवळ बोलावून कुजबुजली. "रविवारी न्हाई, फुडच्या रविवारी चाचनी हाय. किमीला म्हण जा. माझ्या वाटच्या थापा तू दे, दोनी दे, जोरात दे. आन् सांग, समोरची खाली वाकली की घाई करू नको, किमी तितंच फसती." मी व्हय म्हणले. भायेर आले. किमया बाकावर बसली हुती, पाठ माझ्याकडं.

माझा हात उठला न्हाई रेश्मा.

तुजी पोर चार जिने चढून येती, धाप लागत न्हाई. माझीला कुशीवर वळवाया दोगी लागत्यात. तिच्या दंडाकडं बघितलं की पोटात आग पडती. आन् तीच पोर माझे पाय चेपती, मोठी आई म्हणती. मला वाटायचं, बस हितंच. ही मॅटवर ग्येली न्हाई तर माझीची जागा तशीच ऱ्हाईल. कुणी बसलं न्हाई की जागा ऱ्हाती, आसं. दिशा रोज इचारायची, "दिल्यास का?" मी रोज व्हय म्हणायचे. आजारी पोरीशी खोटं बोलत हुते, तेबी धडधाकट पोरीला आडवायला.

तू लिवलंस जगात तू एकटीच. एकटी न्हाईस.

आज पत्र वाचून उठले, जिन्यातनं वर आले आन् तिला दिशाचा निरोप सांगितला, समदा. किमया हुबी ऱ्हायली, पाठ फिरवली. म्या एक थाप दिली. लई जोरात बसली, बाकावरचे लोक बघाया लागले. "मोठी आई, दुसरी?" म्हणली. म्हणलं, दुसरी दिशा दील, घरी आल्यावर. तवा तिला काय झालं, मला मिठी मारून हुंदके द्याया लागली. मीबी. सिस्टरनं आमाला दोगींना गप केलं.

संध्याकाळच्या गाडीनं लावून देते. तिला दूध घाल, म्हयनाभर धड जेवली न्हाई. तुज्या हातचं जेवू दे.

आन् गंगूबाईला सांग, रस्सा रेश्माचा हुता.

आक्का


मुठा
सोमवार, २८ जुलै २०२५

ती. आक्का,

काल रात्री परत आलो. भावजींनी तुम्हाला फोनवर सांगितलंच असेल, किमया हरली. दोन कुस्त्या मारल्या, तिसरी गेली. दुसऱ्या जिल्ह्यातली पोर होती, चपळ. गुण बरोबरीत होते. ती खाली वाकली आणि किमयाने घाई केली. दिशाने सांगितलं होतं तेच. निरोप पोचला होता, फक्त अंगात उतरायला महिन्याची तालीम हवी होती. तो महिना आपण दोघींनी मिळून घालवला, तुम्ही तिला बाकावर बसवून, मी वेळेत न लिहून, असं मी मनात म्हटलं. तुमच्यावर राग धरायचा प्रयत्नही केला वाटेत. धरता आला नाही.

माझ्या मागे आपल्या तालमीतलेच दोघे बसले होते. एक म्हणाला, "दिशा असती तर ही कुस्ती सोडली नसती." मी वळले. त्यांना वाटलं आता ही बाई तोंड सोडणार. मी म्हटलं, "व्हय. दिशा असती तर मारली असती." तोंडून पहिल्यांदाच निघालं ते. कडू लागलं नाही. थोडं लागलं, खोटं कशाला लिहू.

हेवा गेला असं लिहिणार नाही. पारावर उतरलो तेव्हा गंगूबाईंनी आधी दिशाची चौकशी केली, मग किमयाची. माझं लक्ष होतंच. रश्श्याचं सांगितलं त्यांना. म्हणाल्या, "व्हय का? मग मीठ तूच जास्त घातलं हुतंस." घ्या.

वस्तादांनी किमयाला परवापासून तालमीत बोलावलं आहे. ती म्हणाली, येते. मग मला म्हणाली, दिशा आली की तिला हळूहळू उभं करायला जोड लागेल, ती कमजोर राहून कसं चालेल. म्हणजे परत पडायलाच निघाली आहे. ऐकून क्षणभर जुनी कळ आलीच. मग तिच्याकडे पाहिलं तर ती महिन्यात पहिल्यांदा पोटभर जेवत होती, माझ्यासमोर बसून, आणि भाकरी मागून घेत होती. मी वाढत राहिले.

एकच सांगायचं राहिलं. परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर टेकली. माझा हात आपोआप तिच्या पाठीवर गेला, हरलेल्या पोरीच्या पाठीवर आईचा हात जातो तसा. तिने डोळे न उघडता तो बाजूला केला. म्हणाली, "आई, पाठीवर नको. तितं एकच बसलीय. डोक्यावर ठेव."

मी डोक्यावर ठेवला. पिरंगुट मागे पडलं, घाटाला गाडी लागली, तरी काढला नाही. पाठ तशीच ठेवली आहे तिची, दिशासाठी. तिला सांगा.

दुसऱ्या थापेची तुमच्याइतकीच वाट पाहणारी,
रेश्मा