बिनमिठाचा पाव

इन्साफताई,

इथे अलेक्झांड्रियात आम्ही खुशाल आहोत. माझा ताप उतरलाय, आईला काळजी करू देऊ नकोस. तिचे गुडघे कसे आहेत?

यांचा फरश्यांचा धंदा जोरात आहे, पण जीव सगळा चर्चच्या भट्टीत. दर शनिवारी उपासनेचा पाव स्वतः मळतात. घरी पाण्याचा पेला उचलत नाहीत! माझी सवतच ती भट्टी.

तापात मी म्हटलं, "एकदा माझ्यासाठी मळा की." मळला, तोही स्तोत्रं म्हणत! घास घेतला तर अळणी. चर्चच्या पावात मीठ नसतं. यांच्या हातांना तेवढंच ठाऊक.

"जरा मीठ आणा," मी म्हटलं.

बावीस वर्षांच्या संसारानंतर मला विचारतात, "अवातेफ, आपल्याकडे मीठ कुठे असतं गं?"

तुझी जळकुटी धाकटी,
अवातेफ