दोन सीलबंद इंजिनं

बाबा, गेला महिनाभर मी तुमच्याशी मनात भांडतोय, तर म्हटलं आज कागदावरच बोलावं. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. मी अजून ओमानातच आहे, सोहारला, त्याच गॅरेजमध्ये. तेव्हा हेल्पर होतो, आता मला सगळे उस्ताद म्हणतात. केस पिकलेत. आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला असं काम आलं, जे तुमच्याकडून शिकलेल्या कुठल्याच रीतीने करता येईना.

आमच्या अर्बाबना, म्हणजे गॅरेजच्या मालकांना, गाड्यांच्या शर्यतीचा नाद आहे. डांबरावरच्या नाही, मातीवरच्या. गावाबाहेर वाळल्या वादीच्या, म्हणजे कोरड्या नदीच्या, काठाला मातीचा गोल ट्रॅक केलाय, तिथे दर हिवाळ्यात दहा-बारा जण धूळ उडवत फिरतात. अर्बाबचं वय अठ्ठावन्न. बायको वारली, त्यानंतर त्यांनी हे सुरू केलं. आजवर त्यांच्या गाडीचं इंजिन मीच उघडायचो, मीच बांधायचो. पण या वर्षी शर्यतवाल्यांनी नियम काढला, की इंजिन कारखान्यातून खोक्यात बंद होऊन येईल तेच लावायचं. त्याच्या बोल्टांवर सील असतं. सील तुटलं की गाडी बाद. ज्याच्याकडे चांगला मिस्त्री तोच जिंकतो, असं व्हायला नको म्हणून. म्हणजे एका परीने माझ्यासारख्यांना बाजूला काढण्यासाठीच केलेला नियम. यातही दोन इंजिनं चालतात, एक लहान, एक मोठं. मोठ्याला ताकद जास्त, पण ते लावलं तर गाडीत वजनाच्या लोखंडी प्लेटा बसवाव्या लागतात. अर्बाब मला गोदामात घेऊन गेले. दोन लाकडी खोकी शेजारी शेजारी, झाकणं काढलेली, आत चकचकीत इंजिनं. ते आपल्या कामचलाऊ हिंदीत म्हणाले, "उस्ताद, तुम बोलेगा, वो लेगा. खलास." पण हात मात्र मोठ्यावर ठेवलेला. लग्नात नवऱ्या मुलाच्या पाठीवर ठेवतात ना, तसा.

मी दोन्हींभोवती फिरलो. हाताने फिरवून पाहिली. बाबा, काय कळणार होतं त्यात? तुम्ही मला शिकवलंत ते सगळं आतलं. पावसाळ्यात बंदरावरच्या तुमच्या शेडचं छप्पर गळायचं, म्हणून तुम्ही लाँचच्या इंजिनाचं हेड उचलून थेट आईच्या स्वयंपाकघरात आणायचात. चुलीच्या उजेडात व्हॉल्व्हला पेस्ट लावून दोन तळव्यांत रवीसारखे घुसळत बसायचात, आणि आई म्हणायची, "आज आमटीला रॉकेलचा वास आला तर तुम्हीच खा." मी एकोणीस वर्षांचा. तुम्ही दोन इंजिनं चालू करून मला विचारता, यातलं कुठलं आधी बंद पडेल? मी म्हणतो, दोन्ही सारखीच वाटतात. तुम्ही चिडता. सगळ्या खलाशांसमोर म्हणता, "सारखी वाटतात तर तू ऐकलंच नाहीस. घरी जा." मी खरंच घरी गेलो होतो, रडत. तुमचं ते बोलणं मी विसरलो नाही, पण या खोक्यांपुढे उभा राहिलो तेव्हा मला दोन्ही सारखीच वाटली. मी अर्बाबना म्हटलं, विचार करून सांगतो.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी गॅरेजवर आली. ती मस्कतला अल मवालेहमध्ये राहते, बँकेत आहे, माझ्याशी इंग्रजी-हिंदी मिसळून बोलते. अर्बाब नमाजाला गेलेले असतील अशी वेळ बघून आली होती. म्हणाली, "अंकल, तुम्हाला माहितीय ना, मागच्या वर्षी माझ्या बाबांच्या हृदयात दोन स्टेंट घातले?" मला माहीत होतं. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणतात? "डॉक्टर म्हणतात, झेपेल ते करा. बाबा म्हणतात, मला झेपतं. बंद कर म्हटलं तर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत." मग खाली बघत म्हणाली, "निदान लहान इंजिन सांगा. ते माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात. लहानच चांगलं आहे म्हणा." मी म्हटलं, मला जे खरं वाटेल ते सांगेन. त्यावर तिने विचारलं, "काय खरं वाटतं तुम्हाला?"

तेव्हा मला तुम्ही आठवलात. खरं म्हणजे तेव्हापासून तुम्ही जातच नाही. तुमचे हात थरथर कापायला लागले होते ते वर्ष. मी सुट्टीवर आलेलो. तुम्ही बसवलेल्या एका इंजिनाचा नट ढिला राहिला आणि लाँच भर समुद्रात बंद पडली. दुसरी लाँच जाऊन ओढून आणेपर्यंत दुपार झाली. कुणाला काही झालं नाही. पण त्या लाँचचा तांडेल आपल्या घरी आला, स्वयंपाकघरात आईसमोर बसून म्हणाला, "मिस्त्रींना आम्ही कोणी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा." आई माझ्याकडे बघते. मी मागच्या पडवीत येतो, तुम्ही नट-बोल्टचे पाने पुसताय. आणि मी म्हणतो, "बाबा, लाँचमालक आता कंपनीचाच माणूस बोलावणार आहेत. नवीन इंजिनं कंपनी बाहेरच्या मिस्त्रीला उघडू देत नाही." सगळं मनचं. तुम्ही एवढंच म्हणालात, "असं होय." दुसऱ्या दिवशी फटी मोजायच्या फीलर गेजचा तुमचा संच मला दिलात आणि ओटीवर जाऊन बसलात. त्यानंतर बंदराकडे फिरकलाच नाहीत, असं आई फोनवर सांगायची. आठ महिन्यांत तुम्ही गेलात. मला पोचायला दोन दिवस लागले.

मी तुम्हाला वाचवलं का संपवलं, मला माहीत नाही. आईला एकदा विचारलं तर ती म्हणाली, "वय झालं होतं रे." आणि बघा, तेव्हा मी तुम्हाला जे खोटं सांगितलं, तेच आज खरं होऊन खोक्यातून माझ्यासमोर आलंय.

मग मी विचार करू लागलो, फक्त मिस्त्री म्हणून. आपला ट्रॅक पाणी मारलं तरी उन्हाने घटकेत सुकतो, वर भुसभुशीत धूळ राहते. तिथे जास्त ताकद दिली की चाकं जागच्या जागी फिरतात, गाडी पुढे सरकत नाही. त्यात प्लेटांचं वजन. म्हणजे लहानच बरोबर. पण शर्यतीच्या सुरुवातीला, माती ओली नि घट्ट असताना, मोठंच पळेल, आणि अर्बाबची सुरुवात नेहमी चांगली असते. मग मोठं बरोबर. रोज सकाळी एक उत्तर यायचं नि संध्याकाळी दुसरं. हे मी बोलतोय, का ती मुलगी बोलतेय, का मी तुमची भरपाई करतोय, हेही कळेना. शेवटी अर्बाबनी चहा पिताना विचारलं, "यल्ला उस्ताद, कौन सा?" आणि तोंडातून निघालं, "लहान." मातीची, चाकांची, वजनाची सगळी कारणं दिली. एकही खोटं नव्हतं. ते ऐकत होते. मग कप खाली ठेवून म्हणाले, "मेरी बेटी आया था इधर?" मी म्हटलं, नाही. एवढं एकच खोटं. ते हसले, की मला तसं वाटलं. म्हणाले, "ठीक है. छोटा."

परवाच्या शुक्रवारी शर्यत झाली. मुलगी कुंपणाला धरून उभी होती, मी तिच्या शेजारी. सुरुवातीला दोघे त्यांना सहज मागे टाकून गेले, मोठ्या इंजिनवाले. मग माती सुकली, एकाची गाडी वळणावर गिरकी खाऊन बाहेर पडली, आणि अर्बाब चौथे आले. मी म्हणत होतो तसंच झालं असंही म्हणता येईल, नाही झालं असंही. गाडीतून उतरले तेव्हा डोळे सोडून सगळा चेहरा मातीचा. मुलगी रडत होती आणि हसत होती. त्यांनी तिच्या हातून पाणी घेतलं, अर्धं प्यायले, अर्धं डोक्यावर ओतलं. मला वाटलं, चला, निभावलं.

ट्रॅक रिकामा झाल्यावर त्यांनी मला हेल्मेट दिलं. "उस्ताद, इतना साल बनाया, कभी बैठा नहीं. बैठो." मी नको नको म्हणत बसलो. दोन फेऱ्या मारल्या. पहिली भीत भीत. दुसऱ्या फेरीला सरळ पट्टा आला आणि मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय तळाला टेकवला. इंजिनाने होतं तेवढं सगळं दिलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून पुढचं लिहितोय. माझ्या मुलीलाही मराठी धड वाचता येत नाही, त्यामुळे कुणाच्या हाती लागलं तरी भीती नाही. मी उतरलो तेव्हा अर्बाब माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. "कैसा है?" मी म्हटलं, "अच्छा है. काफी है."

काफी नव्हतं, बाबा. मला अजून हवं होतं.