बुरहानपूरचे प्रेक्षक

इतवारा, बुरहानपूर
१२ मार्च १९७८

प्रिय अच्युतन,

पुण्यात सिनेमा शिकताना मराठी तू माझ्याकडूनच शिकलास, म्हणून मराठीतच कबूल करते. तुझा पहिला मल्याळम चित्रपट मी आमच्या टॉकीजमध्ये लावला, तेव्हा लोक अर्ध्यातच उठून गेले. "बाई, यात तं काहीच होत नाही," डोअरकीपर म्हणाला. तुला मात्र मी लिहिलं, "लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या."

त्या एका पत्राच्या भरवशावर तू नोकरी सोडलीस, राहतं घर विकून दुसरा चित्रपट काढलास. केरळात तो कुणीच लावला नाही. काल तुझी तार आली, "रिळं घेऊन निघालोय. माझी माणसं बुरहानपूरलाच आहेत."

हे पत्र आता कुठे पाठवू? उद्या गाडीतून उतरताच तू विचारशील, "खेळ कधी लावलायस?"

खोटं लिहिणारी तुझी मैत्रीण,
उषा