टीपॉय होता तिथे ठेव

प्रिय आईस,

लांबूनच वाकून नमस्कार. मी वेळेवर जेवते आहे, तेव्हा ती काळजी इथेच सोड.

अंध मुलांच्या या शाळेत मी शिकवायला आले खरी, पण परवा मुलांनीच मला शिक्षा केली. झालं असं, की तुझी लेक शोभावी म्हणून मी मधल्या सुट्टीत वर्ग आवरला. बाकं भिंतीला लावली, टेबल खिडकीशी सरकवलं. घंटा झाली, मुलं नेहमीसारखी धावत आत आली आणि नुसती धडाधड आदळाआपट! कुणाला फारसं लागलं नाही, पण सगळी जाम तापली.

वर्गातली सर्वांत छोटी मुलगी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, न सांगता सामान हलवलंत?"

मी ओशाळून मान डोलावली.

"मान हलवताय ना? तोंडाने बोला!"

न सांगता सामान हलवणाऱ्याने इथे गाणं म्हणायचं असतं. माझा गळा तुला ठाऊकच आहे. मुलांनी एका कडव्यातच शिक्षा माफ केली.

आई, तू टीपॉय दारापाशी हलवलास आणि बाबा रोज त्याला ठेचकाळतात, वेंधळे झालेत, असं तू लिहिलंस. तेव्हा मीही हसले होते. आता हसू येत नाही. टीपॉय होता तिथे ठेव आणि बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने. मी सांगितलं म्हणू नकोस, हटून बसतील.

आणि हो, न सांगता हलवलास, तेव्हा बाबांना गाणं म्हणून दाखव. तुझा गळा गोड आहे, त्यामुळे तुला अर्ध्यात माफी नाही.

तुझी,
बेसुरी लेक