नसलेल्या थडग्याचा फोटो

नॉर्डाल, मिनेसोटा
सोमवार, १९ मे २०२५

प्रिय मार्लिस,

तू बरी असशील. असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बत्तीस वर्षांनी बहिणीला पत्र लिहिताना काय लिहितात ते मला ठाऊक नाही.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे फाडलं नसशील, तर आधी इकडचं सांगते. तळ्यावरचा बर्फ यंदा लवकर गेला. लाइलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता माझा हा नवरा काठी आपटत घरभर हुकूम सोडत फिरतो. चर्चला नवी पाद्रीण आली आहे, चांगली आहे, पण प्रवचन लांबवते आणि तोवर खाली कॉफी गार होते.

तुझा पत्ता कुठून मिळाला म्हणशील. अगं, मला पत्ते मिळतात. गेली सहा वर्षं दर बुधवारी मी लायब्ररीत बसून लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. आम्ही चौघी बाया आणि एक ऑर्व्हिल, जो पूर्वजांसाठी कमी आणि आमच्या केकसाठी जास्त येतो. लोकांना वाटतं, साइटवर नाव टाकलं की पणजोबा टोपी घालून हजर. मी दटावते, बाबांनो, आधी जनगणना बघा, मग चर्चच्या नोंदवह्या, जहाजांच्या उतारूंच्या याद्या, जुनी वर्तमानपत्रं. आणि दुसऱ्याने बनवलेल्या वंशवृक्षावरून डोळे मिटून काही उतरवू नका. नॉर्वेतल्या चर्चच्या वह्यासुद्धा आता घरबसल्या दिसतात. १९५० ची जनगणना खुली झाली त्या दिवशी मी आपलं घर काढलं. बाबा, आई, आणि तीन वर्षांची मी. तू नाहीस, तू पुढच्या वर्षीची. घरात मूल म्हणून आपण एकटीच असल्याचं ते पान बघून मला अजिबात बरं वाटलं नाही.

आणखी एक काम करते. थडग्यांची एक साइट आहे. लांबच्या कोणाला आपल्या माणसाच्या थडग्याचा फोटो हवा असला की तो तिथे विनंती टाकतो, आणि त्या भागातलं कोणीतरी जाऊन फोटो काढून पाठवतं. आपल्या भागातली ती कोणीतरी म्हणजे मी. ब्रश, पाण्याची बाटली आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी उशी, एवढं गाडीत कायम असतं. लाइल म्हणतो, 'तू जिवंत माणसांकडे एवढी जात असतीस तर आपल्याला मित्र तरी राहिले असते.' बोलू दे त्याला.

आता मुद्द्याचं. आपल्या घराण्याचा वृक्ष मी नेटवर टाकला आहे. चारशे बारा माणसं. प्रत्येक नावापुढे साइट विचारते, हयात की मृत? हयात म्हटलं तर नाव झाकून टाकतात, परक्याला दिसत नाही. मृत म्हटलं की ते सगळ्या जगाला उघडं. तुझ्या नावापुढे माझ्याकडून चुकून मृत झालं. घाई होती, चष्मा नव्हता.

पुढे काय झालं ते ऐक. टेक्ससमधल्या कोणा माणसाने, आपला लांबचा कोणीतरी, माझा वृक्ष जसाच्या तसा उतरवून घेतला. तारीख नव्हती म्हणून त्याने अंदाजाने १९९८ टाकलं. त्याच्यावरून आणखी तिघांनी उतरवलं. त्यातल्या एकीने थडग्यांच्या साइटवर तुझं पान उघडलं आणि तुला आपल्या चर्चच्या दफनभूमीत, आईबाबांच्या शेजारी झोपवलं. आणि एका सकाळी मलाच साइटचा निरोप, 'आनंदाची बातमी! तुमच्या बहिणीच्या मृत्यूविषयी नवी माहिती मिळाली आहे.' पुरावा म्हणून खाली काय, तर माझाच वृक्ष.

मी हसले, मार्लिस. ऑर्व्हिललासुद्धा सांगितलं, कोणाचं ते न सांगता. आणि दुरुस्त केलं नाही.

२ एप्रिलला फोटोची विनंती आली. 'मार्लिस टोलेफसन, जन्म १९५१.' खाली चिठ्ठी होती. ती जशी आहे तशी लिहिते.

'ही माझी जन्मदाती. मी दत्तक गेलेली आहे. नव्या कायद्यामुळे माझा मूळ जन्मदाखला मिळाला आणि छप्पन्नाव्या वर्षी तिचं नाव कळलं. त्याच संध्याकाळी कळलं की ती गेली. चेहरा तर बघायला मिळणार नाही, निदान दगड दिसावा. तुम्हाला त्रास देते, माफ करा. जोलीन.'

मी काय केलं सांगू? ब्रश आणि बाटली घेऊन दफनभूमीत गेले. थडगं नाही हे माहीत असताना गेले. आईबाबांचा दगड घासून स्वच्छ केला आणि शेजारच्या गवताकडे बघत उभी राहिले. घरी येऊन साइटवर 'थडगं सापडलं नाही' असं टाकलं. वाटलं, संपलं.

तिचं उत्तर आलं. आभार मानले, दोनदा. मग लिहिलं, 'दगड बसवायला कोणी नसेल तिला. मी बसवते. चौदा जूनला स्वतः येते आहे, जागा दाखवाल का? दगडावर काय कोरायचं तेही कळत नाही, मला तिची फक्त जन्मतारीख माहीत आहे. तुमच्या गावात तिला ओळखणारं कोणी आहे का?'

ओळखणारं कोणी आहे का!

ही चिठ्ठी मी सहा आठवडे उशीखाली ठेवून झोपते आहे. झोपते कुठली. लाइलला कळलं तेव्हा त्याने काठी बाजूला ठेवली आणि म्हणाला, 'आर्डिस, ही बाई तुझ्या जिवंत बहिणीसाठी दगड निवडते आहे. तू अजून कशाची वाट बघते आहेस?'

वर मी 'चुकून' असं लिहिलं आहे. खोडत नाही, तिथेच राहू दे, म्हणजे मी कशी आहे ते तुला दिसेल. चष्मा नाकावर होता. तू ओरेगॉनमध्ये आहेस, तुझं घर कुठल्या गल्लीत आहे, सगळं मी दहा मिनिटांत शोधून काढलं होतं. तरी 'मृत' वर टिचकी मारली. हयात म्हटलं असतं तर तुझ्या जागी एक झाकलेला चौकोन राहिला असता, आणि लायब्ररीतल्या बायांनी विचारलं असतं, ही तुझी बहीण का, कुठे असते, येत का नाही? मेलेल्या बहिणीबद्दल कोणी काही विचारत नाही. 'अरेरे' म्हणतात आणि केक पुढे करतात.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळंच लिहिते. १९६८ च्या नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा दिवस. तू सतरा वर्षांची, आईने तुला कोट काढू दिला नव्हता, पोट दिसेल म्हणून. माझ्या स्वयंपाकघरात तू बशा पुसत होतीस आणि पाठमोरीच म्हणालीस, 'तू घेशील का त्याला? तुझं म्हणून? मी कध्धी काही म्हणणार नाही.' आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पदरी काही नव्हतं. मी म्हटलं, 'लोक महिने मोजतात, मार्लिस. कोणाचं ते ओळखतील.' एवढंच. लाइलला विचारलंसुद्धा नाही. तो हो म्हणाला असता, म्हणूनच विचारलं नाही. आमचं घर पुढेही रिकामंच राहिलं, ते तुला माहीत आहे.

मग आईच्या अंत्यविधीचा, आपल्या शेवटच्या भेटीचा दिवस. चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खाताना मिसेस एंगेन तुला म्हणाली, 'तुला मुलंबाळं किती?' तू तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, 'तिला नाहीत.' तू कप खाली ठेवलास आणि निघून गेलीस. मी सगळ्यांना सांगितलं, तिचं विमान आहे. मला तेव्हाच कळलं होतं मी काय केलं ते. तरी तुझ्यामागे गेले नाही. लाज वाटली, आणि लाजेचा मग राग झाला, आणि तो राग मी तुझ्यावर काढत बसले.

जोलीनला मी अजून काही सांगितलेलं नाही. तिला भेटायचं की नाही, हे तू ठरव. ते ठरवताना माझा किंवा आईचा विचार करू नकोस. पण तू जिवंत आहेस, एवढं मी दहा जूनच्या आत तिला सांगणार, तू हो म्हण की नको म्हण. खोटं मी लिहिलं, पुसायलाही मलाच हवं. वृक्षावर तुला काल हयात केलं. टेक्ससवाल्याला आणि बाकीच्यांना कळवलं. तू आता तिथे कोणाला दिसत नाहीस, फक्त एक झाकलेला चौकोन आहे. बायांनी विचारलं तर सांगेन.

तिचा फोन नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवला आहे. माफी मागायची माझी लायकी नाही, पण मागते.

तुला मारून टाकणारी आणि तरी तुझीच,
आर्डिस


अ‍ॅस्टोरिया, ओरेगॉन
३ जून

आर्डिस,

पत्र मिळालं. वाचून रद्दीत टाकलं, दुसऱ्या दिवशी काढलं, परत टाकलं. शुक्रवारी गाडी रद्दी न्यायला आली तेव्हा सपाता घालून तिच्यामागे धावले. शेजारी खिडकीत उभे राहून बघत होते.

तू मला मारलंस याचं फारसं काही नाही. मीही इकडे लोकांना सांगत आले की मला बहीण नाही. फिटंफाट.

तू बाळ घेतलं नाहीस त्याचाही राग फार टिकला नाही. मी सतरा वर्षांची होते, तू बावीस वर्षांचीसुद्धा नव्हतीस. आपल्याला दोघींना आईची तेवढी भीती. पण मी फेब्रुवारीत कुमारी मातांच्या आश्रमातून घरी परत आले तेव्हा आईने विचारलं नाही, बाबांनी नाही, आणि तूही नाही, की काय झालं, मुलगा की मुलगी. नंतरच्या चोवीस वर्षांत एकदाही नाही. तुझ्या या एवढ्या लांब पत्रातही नाही. त्या बाईची चिठ्ठी आली म्हणून तुला कळलं. ते मला आजही सहन होत नाही.

मुलगी होती. डाव्या कानामागे तीळ. पाच दिवस माझ्याजवळ होती. मी तिला पाजलं, आश्रमातल्या बायका नको म्हणत होत्या तरी.

रविवारी दुपारी फोन केला. दोनदा ठेवला. तिसऱ्यांदा तिने उचलला. मी म्हटलं, मी मार्लिस टोलेफसन. मग ती म्हणाली, 'तुम्ही कुठून बोलता आहात?'

मी म्हटलं, 'ओरेगॉनमधून. अजून तरी.'

ती हसली, गं. रडतारडता हसली. मला वाटलं होतं मला शिव्या देईल. मी तिला कानामागचा तीळ विचारला. 'आहे,' म्हणाली, 'पण तो मला स्वतःला कधीच दिसत नाही.' मग आम्ही दोन तास बोललो आणि कान गरम झाला तेव्हा थांबलो. दगड कोरायला दिलेला नव्हता. नमुना निवडला होता, तो तिने मला वाचून दाखवला. 'आई' आणि तारीख, बस्स. मी म्हटलं, जपून ठेव, लागेल कधीतरी.

तू खरं सांगायला बसलीस तेव्हा सगळं सांगितलंस, एवढं मी धरते. माफ केलं म्हणत नाही. विचारूही नकोस.

तिला तिकीट बदलायचं नाही. चौदाला ती तिथे येते, आणि मीही. जागा तूच दाखव तिला, तुलाच विचारलं होतं ना तिने? आईबाबांच्या दगडासमोर तिला उभी कर आणि ती कोण आहे ते मोठ्याने सांग. मग तळघरात कॉफी पिऊ. मिसेस एंगेन हयात असेल तर तिला बोलाव. ती विचारेल, मुलंबाळं किती. या वेळी गप्प बस. मी सांगेन.

जोलीनची आई,
मार्लिस