स्वयंपाकघरातल्या चपला

वाई,
२४ मे १९९९

चि. सौ. चारुशीला हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडचं ठीक असल्याचं देवदत्त दर रविवारी फोनवर सांगतो, पण त्याला काहीही विचारलं तरी ठीकच असतं, म्हणून तुला लिहिते आहे. सासूबाई माझ्याशी फोनवर बोलत नाहीत, असं तू त्याला म्हणालीस म्हणे. खरं आहे. फोनवर समोरचं माणूस मध्येच बोलतं आणि माझं वाक्य अर्धं राहतं. तीस वर्षं कन्याशाळेत गणित शिकवलं. मध्ये बोललेलं मला चालत नाही.

भार्गवीचा फोटो मिळाला. कपाळ आमच्या घरचं, नाक तुझं. असू दे. चारची होईल आता, दोनाचा पाढा सुरू कर.

सध्या अधिक महिना. मी घाटावरच्या देवळात रोज एकशे आठ प्रदक्षिणा धरल्या आहेत. सकाळी बायका प्रदक्षिणा कमी आणि गप्पा जास्त घालतात, म्हणून मी दुपारी बाराला जाते. वैशाखासारखं ऊन, खाली काळा दगड, नुसता तवा! काल शेजारची मयूरी मोठ्या उत्साहाने बरोबर आली. तरणीताठी मुलगी, तिसऱ्या फेरीला टाचांवर उड्या मारत सावलीत पळाली. मी एकशे आठ पुऱ्या केल्या, एकसारख्या पावलाने. गुरव म्हणाले, "लीलाताई, देवानं तुमच्या पायाखाली गालिचा अंथरलाय." मी हसले नुसती. पण तुला सांगायला हरकत नाही, मला अभिमान वाटला. सदुसष्टाव्या वर्षी कोण करतं हे? आणि वर साखरेचा आजार अंगात घेऊन!

भांडी घासायला येणाऱ्या बयाबाईला मात्र मला हसायला हल्ली निमित्त लागत नाही. परवा मंडईतून आले तर एकाच पायात चप्पल. दुसरी वाटेत कुठे गळली, मला पत्ताच नाही. "काकू, उद्या पाय इसरून याल," म्हणाली. डोक्यात प्रदक्षिणांचा हिशेब असला की होतं असं.

गणपतीला येताय ना, ते कळव. दरवर्षी तू ओटीवर बसतेस, माजघरापर्यंत येतेस, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबतेस आणि पाणीसुद्धा देवदत्ताकरवी मागवतेस. चार वर्षं मी पाहते आहे. आपल्या स्वयंपाकघरात चप्पल येत नाही हा माझ्या सासूबाईंपासूनचा नियम. तो मी तुझ्यासाठी काढलेला नव्हता. त्या दिवशी तुझ्या जागी कुणीही असतं तरी मी तेच केलं असतं. पुन्हा हा विषय नको.

लीलाबाई


वाई,
१९ जुलै १९९९

चि. सौ. चारुशीला हिस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. म्हणजे मयूरीने चुगली केली तर! पायाला जरासं लागलंय, एवढंच. फोड आला होता, तो फुटला. दुखत तर मुळीच नाही, मग दुखणं कसलं? काशाच्या वाटीने तूप घासते आणि रोज मीठ घालून कढत पाण्यात पाय बुडवून बसते. कढत म्हणजे चांगलं वाफेचं. कोमट पाण्याने काय होतंय?

मिरजेला साखरेच्या पायांचं वेगळं बघतात, तुझ्या ऑफिसातल्या कुणाच्या वडिलांना तिथे गुण आला, हे सगळं तू लिहिलंस. पत्राच्या कोपऱ्यात पत्ताही लिहिलास. तो मी वाचलेला नाही. मला मिरज-बिरज काही नको. देवदत्ताला रजा घेऊन पाठवू नकोस, मी दार उघडणार नाही.

भार्गवीला खोकला होता, तो गेला का?

लीलाबाई


वाई,
१ सप्टेंबर १९९९

चि. सौ. चारू,

अनेक आशीर्वाद. हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता फाडणार नाही, कागद संपलेत.

आधी खोटं काय लिहिलं ते सांगते. तो पत्ता मी वाचला होता. त्याच दिवशी. फाडून घेऊन पिठाच्या डब्याखाली ठेवला होता.

त्याच आठवड्यात मला फरशीवर डाग दिसला. बयाबाईवर खेकसले, "पुसताना डोळे कुठे असतात तुझे?" तिने मुकाट्याने पुसला. मी तुळशीला पाणी घालून आले तर पुन्हा डाग. पुन्हा खेकसले. ती फडकं हातात घेऊन माझ्या मागोमाग आली आणि म्हणाली, "आवं काकू, डाग तुमच्याच पायाचा हाय की! बसा बगू खाली." तळव्याची साल सुटून आली होती आणि अंगठ्याखाली खड्डा पडला होता. त्या पायावर मी सकाळपासून घरभर नाचत होते. दुखत नव्हतं गं. दुखत नाही, याचीच मला त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

एस.टी.ने एकटी मिरजेला गेले. डॉक्टरीणबाई वयाने तुझ्याएवढीच. मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाली, "आजी, पायाला नायलॉनचा दोरा टेकवते. कळलं की हो म्हणा." मला काही म्हणजे काही कळेना. पण नापास व्हायची मला सवय नाही. मनात आकडे मोजत अंदाजाने हो, हो म्हणत गेले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "उघडा डोळे." तिचे दोन्ही हात मांडीवर होते आणि दोरा टेबलावर! तीस वर्षांत एका मुलीला कॉपी करू दिली नाही मी, आणि स्वतः अशी पकडले गेले. ती रागावली नाही, हे आणखी वाईट.

साखरेने पायांच्या नसा गेल्यात, म्हणाली. गालिचा-बिलिचा काही नव्हता. महिनाभर मी तापल्या दगडावर तळवे भाजून घेतले, उरलं होतं ते कढत पाण्याने शिजवलं, आणि देवाची कृपा म्हणून तुझ्यापुढे मिरवलं. लिहितानासुद्धा मेल्याहून मेल्यासारखं होतंय. गेलेली संवेदना परत येईल असं सांगता येत नाही, पण पाय वाचवू, अंगठा राहतो की जातो ते महिनाभरात कळेल, असं ती स्पष्ट म्हणाली. मला स्पष्ट बोलणारी माणसं आवडतात.

मग मी वहीच घातली. साखर तिने सांगितलेल्या आकड्याच्या आत आणून दाखवली. चहातली सुटली, पानातला गूळ सुटला. ह्यांचा दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून रोज संध्याकाळी तळवे तपासते. अंघोळीच्या पाण्यात आधी कोपर, मग पाय. तोल जातो त्यासाठी ओटा धरून एकेका पायावर उभं राहायचं असतं, तेव्हा बयाबाई कमरेवर हात ठेवून समोर पहारा देते. रात्री तळव्यांची उगीच आग व्हायची, तीही गेलेल्या नसांचीच म्हणे, तिच्यावर एक बारकी गोळी आहे, तिने झोप लागते. गेल्या गुरुवारी डॉक्टरीणबाईने पट्टी सोडली, जखम पाहिली आणि म्हणाली, "आजी, अंगठा राहिला. पैकीच्या पैकी!" दवाखान्यातून बाहेर पडले ती मान ताठ करून. हा मार्क मी कॉपी न करता मिळवलाय.

पण चपलांचं राहिलं. तिथेच शेजारी चपला करणारा भाऊसो म्हणून एक म्हातारा बसतो. मऊ रबराच्या चपला करतो. महारोग्यांसाठी अशा चपला करण्यात त्याचा जन्म गेलेला. मी लांबूनच म्हणाले, "मला तसलं काही नको. लोक काय म्हणतील?" त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. "आजी, पाय ठिवा कागदावर," म्हणाला. "रोग डाक्टर बगत्यात. मी पाय बगतो." माझा पाय दोन्ही हातांत धरून पेन्सिलीने कडेकडेने रेघ काढली, जखमेपाशी हात अलगद केला. माझ्या पायाला इतकं जपून कुणी हात लावला नव्हता. मग सांगितलं, घरातसुद्धा अनवाणी फिरायचं नाही. मी विचारलं, "स्वयंपाकघरात?" तर म्हणतो, "थितं तर पयल्यांदा. इळी थितं, काचा थितं, इस्तू थितं."

चारू, तीन दिवस मी त्या चपला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर काढून आत जात होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आरशात पाहिलं तर टाचेत करवंटीचा तुकडा रुतलेला. नारळ सकाळी फोडला होता! म्हणजे दिवसभर तो घेऊन मी हिंडले. दुसऱ्या दिवशी चपला घालून उंबरा ओलांडला. सासूबाईंच्या तसबिरीकडे पाहिलं नाही. ओट्यापाशी जाऊन उभी राहिले आणि तू डोळ्यांपुढे आलीस.

सातवा महिना होता तुझा. पाय सुजलेले, टाचांना भेगा. "आई, टाच खाली टेकवत नाही हो," म्हणालीस. मला वाटलं, नखरे. मी सांडशीने तुझ्या सपाता उचलल्या, परसात फेकल्या आणि तुझ्या देखत फरशी धुऊन काढली. तू बाळंतपणाला सांगलीला माहेरी गेलीस ती गेलीसच. देवदत्तानेही बँकेतून तिकडेच बदली मागून घेतली. त्या दिवसापासून तू मला आई म्हणत नाहीस, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नकोस.

त्या सपाता बयाबाईने बंबामागे ठेवून दिल्या होत्या. तिच्या पायाला होईनात आणि टाकवेनात. मागच्याच्या आधीच्या खेपेला एक कागदात गुंडाळून भाऊसोकडे नेली, म्हटलं, या मापाचा एक जोड कर. त्याने उलटीपालटी करून पाहिली. "ही बाई टाच टेकवत न्हवती," म्हणाला. "बगा, म्होरनं पार झिजलीया, टाच नवीच्या नवी. चवड्यावर चाललीया बिचारी. लय दुखत आसंल. कुनाची म्हनायची?"

"माझ्या सुनेची."

"मग तुमास्नी ठावंच आसंल की," म्हणाला आणि माप घ्यायला लागला.

परतीच्या एस.टी.त कऱ्हाडपर्यंत पदर डोळ्यांना होता. शेजारच्या बाईला वाटलं, धूळ गेली.

आणखी एक. दुसऱ्या खेपेला मी वाटेत सांगलीत, तुमच्या विश्रामबागला उतरले होते. तुमच्या इमारतीखाली जिन्याशी उभी होते. वरून तुझा आवाज येत होता, भार्गवीला एकेक घास भरवत होतीस. त्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे आणि पायरी मला पायाला कळत नाही. पडले असते तर तू धावत आली असतीस. ते मला नको होतं, म्हणून परत फिरले. आता खरं लिहिते. मला तेच हवं होतं.

माफी मागायला मी शिकलेच नाही. पण मुलींना एक शिकवायची: चुकलेलं गणित खोडरबराने पुसायचं नाही. त्यावर एक रेघ मारायची आणि खाली नीट मांडायचं, म्हणजे चूक कुठे झाली ते दिसतं. चूक माझी होती. तू टाच टेकवत नाही म्हणालीस, तेव्हा मला तुझा पाय बघायचा सोडून फरशी दिसली. त्यावर रेघ मारली आहे. खालचं तू आल्यावर मांडायचं.

सेवा करायला बोलावत नाही हं. पाय माझा मी सांभाळते आणि झकास सांभाळते. फक्त टाचेची मागची बाजू आरशात नीट दिसत नाही. बयाबाईला दाखवते, पण तिला चष्मा लागलाय आणि ती ते कबूल करत नाही. तेवढं तू आलीस की बघत जा.

गौरीची पावलं दारापासून चुलीपर्यंत काढायची असतात. चार वर्षं गौर मयूरी आत आणते आणि घरची सून उंबऱ्याबाहेर उभी. यंदा गौर तू आणायची आहेस. तेवढ्यापुरते पाय अनवाणी टेकवतील का ते सांग. नसेल टेकवत तर तसं सांग, गौरीला मी समजावीन. माझ्याशी वाद घालायची तिची छाती नाही.

तुझा जोड तयार आहे. आत ओट्याखाली, माझ्या जोडाशेजारी ठेवलाय. येशील तेव्हा उंबऱ्याशी थांबू नकोस. सरळ आत ये.

वाट बघते.

तुझी (म्हणशील तर)
आई

ता. क. देवदत्ताच्या चपला मात्र बाहेरच. त्याचे पाय ठणठणीत आहेत.